अक्काच्या गाडीखालचा डाग

दाजी गेले तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, गाडी चालवता येत नव्हती. शिकायची वेळच आली नव्हती. गाडी दाजींची. बीदरच्या एका कचेरीत नोकरीला असताना त्यांनी ती एका निवृत्त साहेबांकडून घेतली होती, आणि तेव्हाच ती जुनी होती. सायीच्या रंगाची, गोल पाठीची, गिअरचा दांडा खाली नाही तर स्टिअरिंगच्या बाजूला. पुढची सीट बाकासारखी सलग. दर रविवारी दाजी लुंगी वर खोचून तिला धुवायचे आणि अक्का स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणायची, "माझे एवढे लाड कधी केले न्हाईत." दाजी हसायचे आणि टायर घासत राहायचे.

मग त्यांच्या किडन्या बिघडल्या. हैदराबादच्या दवाखान्याच्या खेपा भाड्याच्या गाडीनं सुरू झाल्या, कारण दाजींना स्टिअरिंगमागं बसवतच नव्हतं. त्यांची गाडी अंगणातल्या पत्र्याखाली ताडपत्री पांघरून उभी राहिली. आख्खा उन्हाळा तशीच, पावसाळाही तसाच. दिवाळीच्या अलीकडं दाजी गेले.

मी हुलसूरच्या मराठी शाळेत शिकवते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की भालकीवरून बीदरची बस धरायची आणि रविवार अक्काजवळ काढायचा, असं मी त्या दिवसांत ठरवून टाकलं होतं. तिचा मुलगा पुण्यात, घरात ती एकटीच. येणाऱ्या-जाणाऱ्याचा एकच विषय असायचा. दाजींचे धाकटे भाऊ तर दर भेटीत म्हणायचे, "वैनी, ठिवून काय करणार? उभ्या जागी गंजायलीय. काढून टाका." ते वाईट मनानं म्हणत नव्हते. ती गाडी बघितली की त्यांनाच भरून यायचं, म्हणून ती समोर नको वाटत असावी. अक्का फक्त "बघू" म्हणायची.

त्या "बघू"चा अर्थ मला एके दिवशी फोनवर कळला. "मी गाडी शिकायलेय," ती म्हणाली.

"कामून?"

"कामून म्हंजे? गाडी हाय म्हणून."

ड्रायव्हिंग क्लासच्या छोट्या पांढऱ्या गाडीवर तिनं परवाना काढला. पण दाजींच्या गाडीचा तो बाजूचा गिअर क्लासवाल्यालाही नीट येत नव्हता. तो तिला मिस्त्रींनी शिकवला. मिस्त्री म्हणजे दाजींच्या जुन्या ओळखीतले. किल्ल्याच्या बाजूला त्यांचं गॅरेज, म्हणजे एक पत्र्याची शेड आणि गाडीखाली उतरायचा एक खड्डा. सत्तरीकडं झुकलेले, मेंदी लावलेली दाढी, जाड भिंगांचा चष्मा. दाजींची गाडी त्यांच्याशिवाय कुणाच्या हातात कधी गेली नव्हती. त्यांनीच ताडपत्री काढली, नवी बॅटरी बसवली, टाकी धुतली आणि इंजिन सुरू केलं. मग मोकळ्या माळावर अक्काला बसवून ते शेजारून सांगत राहायचे, "क्लच पूरा दबाव बाई, आधा नक्को. गिअर को डराव नक्को, प्यार से डाल."

सुरुवातीला गिअर कर्रर्र करून ओरडायचा. प्रत्येक वेळी अक्का डोळे मिटून घ्यायची, कुणाच्या तरी पायावर पाय पडल्यासारखं. पण उन्हाळ्याच्या तोंडाला ती भाजीबाजार, बँक, नातेवाईक असं सगळीकडं गाडीनं जायला लागली. एकदा तर मला न सांगता हुलसूरच्या आमच्या घरापर्यंत आली. आमची अव्वा, म्हणजे आई, दारात उभी राहून नुसती बघत राहिली. अक्का उतरली, पदर खोचला आणि म्हणाली, "पाणी दे गं, घसा वाळलाय."

त्याच्या पुढच्याच शनिवारी मी बीदरला गेले तर तिचा चेहरा उतरलेला. चहा ठेवायच्या आधीच तिनं मला अंगणात नेलं आणि गाडीखाली बोट केलं. शहाबादी फरशीवर बशीएवढा डाग. गाडीच्या बरोबर मध्यावर, इंजिनच्या बराच मागं. तिनं त्यावर पुठ्ठा टाकला होता, तोही भिजला होता.

"कुणाला बोलू नकोस," ती म्हणाली. "लगेच म्हणतील, इका."

"अगं, जुन्या गाड्या गळतातच थोड्या."

"त्यांच्या हातात असताना एक थेंब गळला न्हाई. माझ्या हातात आली आणि गळायली. मी तो गिअर करकर घासला ना, आतलं कायतरी मोडलंय."

आम्ही दोघी गाडी घेऊन मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी खड्ड्यात उतरून बोटावर तेल घेतलं, अंगठ्याशी चोळलं, नाकाशी नेलं आणि मग बोट माझ्यापुढं केलं. विझलेल्या आगकाडीसारखा, थोडा सडक्या लसणासारखा वास होता.

"इंजिनचं तेल काळं राहतंय, पातळ," ते म्हणाले. "हे बघा, मधासारखं. ये गेर का तेल है. गिअरबॉक्समधून यायलंय."

गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडातून एक लांब दांडा निघतो आणि मागच्या चाकांकडं जातो. तो जिथून बाहेर येतो तिथं रबराचं कडं असतं, तेल अडवायला. त्याला सील म्हणतात. गाडी एवढे दिवस उभी होती, रबर वाळून कडक झालं असणार, असं मिस्त्रींचं म्हणणं पडलं. त्यांनी दांडा उतरवला, जुनं सील काढलं. खरंच ते पापडासारखं मोडत होतं. नवं बसवलं. अक्काला एवढं हलकं वाटलं की परतताना आम्ही रस्त्यावर थांबून उसाचा रस प्यालो.

तो आठवडा आणि त्याच्या पुढचा आठवडा फरशी कोरडी राहिली. मग अक्का अव्वाला भेटायला म्हणून पुन्हा हुलसूरला येऊन गेली, आणि दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. डाग पहिल्यापेक्षा मोठा होता.

पुढच्या शनिवारी मिस्त्री अक्काच्या घरीच आले, आणि या वेळी त्यांनी घाई केली नाही. तेल वरून खाली ओघळतं, चालत्या गाडीत वाऱ्यानं मागं उडतं, त्यामुळं जिथं ओलं दिसतं तिथूनच गळतं असं नसतं, हे त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. खालून हात पोचेल तेवढा गिअरबॉक्स त्यांनी रॉकेलनं धुतला, चिंध्यांनी पुसून कोरडा केला आणि म्हणाले, "अंगाला लावायची पावडर है क्या घर में?"

अक्कानं मोरीतला डबा आणून दिला. मिस्त्रींनी गाडीखाली उताणं पडून त्यावर पावडर उधळली. बाहेर आले तेव्हा मेंदीची दाढी पांढरी झाली होती, आणि दाजी गेल्यानंतर मी अक्काला पहिल्यांदा पोट धरून हसताना बघितलं. मिस्त्रीही हसले. मग गाडी दूरपर्यंत फिरवून आणली आणि बॅटरी मारून पाहिलं. पांढऱ्या पावडरीत ओली रेघ स्वच्छ उमटली होती. ती सुरू होत होती नव्या सीलपासूनच.

मिस्त्री बराच वेळ त्या रेघेकडं बघत राहिले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तिरपं बसलं असंल. मेरेकू आजकल बराबर दिखता नहीं बाई." त्यांनी अजून एक सील आणून बसवलं, या वेळी बोटांनी पुन्हापुन्हा चाचपून. पण त्यानंतर अक्का आमच्या मावशीला भेटायला भालकीला जाऊन आली आणि तेही गळलं.

आता गोष्ट लपून राहण्यासारखी नव्हती. दाजींच्या भावानं पुठ्ठा पाहिला. "म्हातारबाच्यानं आता व्हत न्हाई वैनी," ते म्हणाले आणि आम्हाला एका नव्या, मोठ्या गॅरेजात घेऊन गेले. तिथला पोरगेला मेकॅनिक अदबीनं वागला. गाडी वर उचलून त्यानं खालून पाहिली आणि सांगितलं की आख्खा गिअरबॉक्स उघडावा लागेल, आत काय मोडलेलं निघेल ते सांगता येत नाही आणि निघालं तर सामान मिळायचं नाही.

अक्कानं विचारलं, "मी शिकताना गिअर लई घासले. त्यानं झालं का?"

"होऊ शकतं, मॅडम," तो म्हणाला. त्याच्या बाजूनं ते खरंच होतं. होऊ शकतं. अक्कानं गाडी खाली घ्यायला सांगितली.

परतताना अक्काचे दीर त्यांच्या मोटरसायकलवर पुढं गेले. अक्कानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. वरून हवाई दलाचं विमान गेलं. आवाज विरेपर्यंत ती थांबली.

"त्यांचे पाय सुजायलते," ती समोर बघत म्हणाली, "आणि मी म्हणायलते, चप्पल घट्ट झालीय तुमची, नवी घ्या. घेतली बी. नवी बी घट्ट झाली. तरी मला कळलं न्हाई. माझ्या नजरेला काई दिसतच न्हाई बघ. माणसाचं दिसलं न्हाई, गाडीचं काय दिसणार."

मी तिचा हात धरला. डॉक्टरांनाही कळायला वेळ लागला होता, हे मी तिला यापूर्वी कितीदा सांगितलं होतं. तेच पुन्हा सांगितलं. तिनं मान हलवली, डोळे पुसले आणि चावी फिरवली. पण घराकडं न वळता ती किल्ल्याच्या दिशेनं निघाली.

"इकडं कुठं?"

"मिस्त्रींकडं. त्यांना न सांगता दुसऱ्याकडं नेली, हे त्यांच्या कानावर दुसऱ्याकडून जाऊ ने."

गॅरेज बंद होतं. शेजारच्या पंक्चरवाल्यानं सांगितलं की मिस्त्री काही दिवस आलेच नाहीत. त्यांचं घर मागच्या गल्लीत होतं. आम्ही गेलो तर ते अंगणात बाजेवर बसले होते, हातात काही काम नाही. त्यांच्या बायकोनं आम्हाला खुर्च्या दिल्या आणि त्यांच्यासमोरच सांगून टाकलं, "तुमच्या गाडीचं मनाला लावून घेतलं यांनी. जेवत बी न्हाईत धड. म्हणायलेत, आता हात थांबवायचा."

मिस्त्री म्हणाले, "साहेबांची गाडी थी. मेरे हात से ठीक नहीं हुई."

अक्का खाली बघत म्हणाली, "तुमच्या हातानं न्हाई मिस्त्री, माझ्या हातानं बिघडली ती."

मला वाटलं आता दोघंही असेच एकमेकांचं ओझं ओढून घेत बसणार. पण त्यांच्या बायकोनं चहा आणला, आणि चहा पिता पिता अक्का सहज म्हणाली, "पण एक कळंना गेलंय मला. गावात कितीबी फिरवा, गळत न्हाई. बाजार केला, बँक केली, फरशी कोरडी. हुलसूरला न्हाईतर भालकीला जाऊन आलं की गळतंय. मोडलंच असंल, तर गावात बी गळाया पाहिजे ना?"

मिस्त्रींचा कप तोंडाशी थांबला.

"क्या बोले? पुन्हा सांगा."

तिनं पुन्हा सांगितलं. त्यांनी विचारलं, लांबून आल्यावर लगेच गळतं का सकाळी? लगेच. थांबल्यावर वाढतं का कमी होतं? इंजिन गार झालं की थांबतं. मिस्त्रींनी कप खाली ठेवला आणि चपला शोधायला लागले.

आम्ही तिघं भालकीच्या रस्त्याला लागलो. अक्का चालवत होती, मिस्त्री तिच्याशेजारी, मी मागं. उन्हाची वेळ होती, दोन्ही बाजूला तांबडी माती आणि तुरीची रिकामी रानं. बरंच लांब गेल्यावर मिस्त्रींनी एका लिंबाच्या झाडाखाली गाडी थांबवायला सांगितलं. पोतं अंथरून ते गाडीखाली सरकले. गिअरबॉक्सच्या कुशीत एक नट असतो, तेल भरायचा. त्याला चिंधी गुंडाळून त्यांनी पाना लावला.

"बाई, कान द्या इकडं."

आम्ही दोघी मातीत गुडघे टेकून वाकलो. नट सैल झाला आणि फुस्स करून हवा बाहेर आली. दाबून धरलेला श्वास सोडावा तशी, बराच वेळ. गाडीखालून मिस्त्रींचं हसणं ऐकू आलं.

"सुना? सुना क्या? सील चांगलं हाय! आत हवा कोंडलीय."

बाहेर येऊन त्यांनी सांगितलं. गाडी लांब चालली की गिअरबॉक्स तापतो. आतली हवा फुगते. तिला निघायला गिअरबॉक्सच्या माथ्यावर एक बारीक वाट ठेवलेली असते. ती बुजली, की हवा जिथून सापडेल तिथून तेल ढकलून बाहेर काढते. मग नवं सील घाला, सोन्याचं घाला, ते गळणारच.

"कुकरची शिट्टी बसल्यासारखं," अक्का म्हणाली.

"हौ! बिलकुल!"

परतल्यावर गॅरेज उघडून त्यांनी गाडीतलं पायाखालचं मॅटिंग उचललं, त्याच्याखालची पत्र्याची झाकणी स्क्रू काढून बाजूला केली. खाली गिअरबॉक्सची पाठ दिसायला लागली, धुळीनं माखलेली. मिस्त्रींनी बोट आत घालून चाचपलं आणि मग मला म्हणाले, "आपकी नजर अच्छी है, देखो." मी बॅटरी मारली. हवेच्या त्या वाटेवर, तिच्या छोट्या टोपीला लपेटून, सुपारीएवढा तांबड्या मातीचा गोळा बसला होता. गुळगुळीत, हातानं लिंपावा तसा.

"कुंभारमाशी," मी म्हणाले. आमच्या शाळेच्या खिडक्यांना दरवर्षी तिची घरं असतात.

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरनं गोळा हलकेच सोडवला. आत पोकळ नळी होती, तळाशी खाऊन उरलेले कोळ्यांचे वाळके पाय. पिलाच्या खाण्यासाठी आई कोळी साठवून ठेवते. मागच्या बाजूला एक भोक होतं, म्हणजे पिलू मोठं होऊन कधीच उडून गेलं होतं. खाली राहिलेली माती त्यांनी तारेनं टोकरून काढली, फुंकर मारली.

अक्कानं तो गोळा तळहातावर घेतला. "हे कधी बांधलं असंल?"

"गाडी खडी थी तब," मिस्त्री म्हणाले. "चालत्या गाडीत कोन घर बांधल? साहेब बीमार होते, तुम्ही हैदराबादला, गाडी पत्र्याखाली. तिनं बघितलं, इथं कोन येत न्हाई, बांधलं. तुमच्या हातानं काई बिघडलं न्हाई बाई. गिअर घासण्यानं दात झिजतात, तेल न्हाई गळत. आणि दात ठीक हैं, मैं देख चुका."

अक्का तिथंच, गाडीच्या उघड्या दारात, पायरीवर बसली आणि रडायला लागली. आवाज न करता, खांदे हलत. मिस्त्री गोंधळले, माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांना हातानंच राहू द्या म्हणून सांगितलं. ते पाणी आणायला म्हणून बाहेर गेले आणि पुरेसा वेळ बाहेरच थांबले.

सील बदलावं लागलं नाही. कमी झालेलं तेल तेवढं भरलं. पुढच्या रविवारी अक्का मला सोडायला हुलसूरपर्यंत आली, अव्वाच्या हातची भाकरी खाऊन परत गेली आणि पोचल्यावर फोन केला. "वाकून बघितलं. हात फिरवून बघितला. कोरडं हाय." दुसऱ्या दिवशी एक थेंब सापडला, तेव्हा मिस्त्री म्हणाले की एवढ्या वयात तेवढं चालायचंच. दीर आले, पुठ्ठा उचलून पाहिला, खाली ठेवला. "भाऊ असता तर त्याला बी सापडलं नसतं हे," एवढंच म्हणाले.

पण अक्का तेवढ्यावर थांबली नाही. मिस्त्रींना बोटांनी चाचपताना तिनं पाहिलं होतं. ती त्यांच्या मागंच लागली. डोळ्यांत मोतीबिंदू आहे हे त्यांनाही ठाऊक होतं, ऑपरेशनला नुसते भ्याले होते. त्यांच्या बायकोनं आणि अक्कानं मिळून त्यांना दवाखान्यात नेलं. ऑपरेशनच्या दिवशी शनिवार होता, म्हणून मीही पोचले. सगळं नीट झालं. संध्याकाळच्या आत सोडलं.

काळा चष्मा लावलेले मिस्त्री पुढं बसले, त्यांची बायको माझ्याशेजारी मागं. गाडी दवाखान्याच्या फाटकाबाहेर पडल्यावर ती बाई सीटवरून हात फिरवत म्हणाली, "जनमभर लोकांच्या गाड्या नीट केल्या यांनी. मला कधी एकीत बसवलं न्हाई."

"लोगां की थीं," मिस्त्री पुढून म्हणाले. "अपनी थोडी थीं."

अक्कानं आरशातून मागं बघितलं. "कुठं जायचं सांगा चाची. घर तर हाईच."

बाई लाजली. मग म्हणाली, माहेर चिदरीकडं आहे, तो रस्ता बघून बरेच दिवस झाले. नुसतं तिथवर जाऊन वळलं तरी चालेल. मिस्त्री काहीतरी पुटपुटले, डॉक्टरनं आराम सांगितलाय वगैरे. अक्कानं दांडा ओढला, तिसरा गिअर टाकला आणि गाडी चिदरीच्या रस्त्याला घेतली. बाईनं काच खाली केली, बुरख्याची कड हातात धरली, आणि कुठल्या ठिकाणी पूर्वी चिंचेचं झाड होतं, कुठल्या विहिरीवर ती आणि तिच्या मैत्रिणी पाणी भरायच्या, ते ती आम्हाला दाखवत राहिली.